गंज पेठेतील उघडे दार

बी. ए. भाग २

दरवर्षी ३ जानेवारी उजाडला की आपल्या जिल्ह्यातील शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार पडतो, आणि त्यानंतर जी भाषणे होतात ती बहुधा एकाच वाटेने जातात. भिडेवाड्यातील शाळा, अंगावर पडणारे शेण, पिशवीत बरोबर नेलेले दुसरे लुगडे आणि मग टाळ्या. या प्रसंगांचे मोल कमी आहे असे कोण म्हणेल? जिच्या घरात आजवर दहावीची पायरी कोणी ओलांडली नाही, अशी माझ्यासारखी मुलगी आज महाविद्यालयाच्या वार्षिकांकात चार ओळी लिहू शकते, ती त्याच शेणामातीतून वाट निघाली म्हणून. परंतु सावित्रीबाई सहासष्ट वर्षे जगल्या, आणि शाळेची ती पहिली वर्षे म्हणजे त्या आयुष्याचा एक तुकडा होय. त्यांच्या राहत्या घरात आणखी एक काम वर्षानुवर्षे चालू होते. अडलेल्या, लपलेल्या, घरादाराला पारख्या झालेल्या गरोदर बायकांना आसरा द्यायचा आणि त्यांची बाळंतपणे सुखरूप पार पाडायची. भाषणांत त्याविषयी एखादे वाक्य येते न येते. बालहत्या प्रतिबंधक गृह हे नाव उच्चारायला जड, मुलांपुढे समजावून सांगायला विषय अवघड; तेव्हा वक्ते पुढे सरकतात. मला त्याच कामाविषयी लिहावयाचे आहे.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे खेडे आहे. तेथील खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली, नऊ वर्षांच्या असताना, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरदेव तेरा वर्षांचे होते. जोतीरावांनी बायकोला घरी अक्षरे गिरवायला लावली, पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या तेथे शिकवू लागल्या. लोकांच्या दडपणामुळे सासरे गोविंदराव यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने शाळांच्या कामाबद्दल जोतीरावांचा जाहीर सत्कारही केला. हा भाग सर्वांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगितला.

एका गोष्टीपाशी मात्र थांबले पाहिजे. या जोडप्याला मूलबाळ झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला, तो त्यांनी साफ नाकारला. दोष पुरुषातही असू शकतो, मग बायकोलाच सवत का सोसावी लागावी, असा त्यांचा रोकडा विचार होता. जोतीरावांचे हे वागणे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण सावित्रीबाईंना भोवतालच्या जगाने काय ऐकवले असेल याचा विचार करीत नाही. आमच्या खेड्यांत अजूनही डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की मूल न झालेल्या बाईला हळूच बाजूला बसवतात. ती वाईट वाटून घेते, पण उठून जात नाही, कारण उठून गेली तर तेही तोंडी लागते. आजची ही स्थिती, तर तेव्हाची काय सांगावी! त्या काळच्या रिवाजाने जिला बाळंतिणीच्या खोलीपासून दूर ठेवले असते, त्याच बाईच्या घरात पुढे पस्तीस स्त्रिया बाळंत झाल्या.

आता त्या कामाकडे वळू. उच्चवर्णीय समाजात तेव्हा मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत आणि नवरा कितीही वयाचा असे. तो मेला की पोर विधवा होई. तिचे केशवपन करीत, एकवेळ जेवायला देत, आणि घरातली सारी कामे तिच्या गळ्यात पडत. १८५६ साली विधवा-पुनर्विवाहाचा कायदा झाला, परंतु तो कागदावर राहिला. अशी पंधरा-वीस वर्षांची पोर घरातल्याच, नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पुरुषाच्या तावडीत सापडे. दिवस गेले की पुरुष नामानिराळा होई आणि विधवेपुढे विहीर तरी उरे किंवा कोणी आणून दिलेले विषारी औषध तरी. दूरच्या एखाद्या तीर्थक्षेत्री नेऊन तिला सोडून देण्याचाही प्रघात होता.

जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. वागायला नेक, चांगल्या घरची. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी पुष्कळ खटपटी करून तिला फशी पाडले. ती प्रथम बधली नव्हती, ही गोष्ट जोतीरावांनी पुढे सरकारला लिहिलेल्या मजकुरात मुद्दाम नोंदविली आहे. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी नाना औषधे घेतली. एकही लागू पडले नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भयाने तिने त्याच्यावर सुरी चालवून त्याला मालकाच्या घरामागील विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांना संशय आला. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे साल १८६३. खटल्यात शास्त्रीबुवांना काय शिक्षा झाली, असे वाचकांपैकी कोणी विचारील. शिक्षा एकट्या काशीबाईला झाली.

हा खटला संपतो न संपतो तोच फुले दांपत्याने गंज पेठेतील आपल्या घरी हे गृह उघडले. ब्राह्मण लोकांची वस्ती होती त्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटविल्या. त्यांतील मजकुराचा आशय असा, की ज्या विधवेचे पाऊल वाकडे पडले असेल तिने येथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा येथेच ठेवावे, हे तिच्या खुशीवर राहील. मागे राहिलेल्या मुलाचा सांभाळ केला जाईल. स्त्रीला काही जाब विचारण्यात येणार नव्हता.

या जाहिराती लागल्या त्या गल्ल्या कोणत्या, याचा जरा विचार करावा. पंधरा वर्षांपूर्वी सावित्रीबाई शाळेला निघाल्या म्हणजे ज्या वस्तीतून शेण आणि खडे येत, तीच ही वस्ती. माळ्याच्या घरची बाई, जिच्या हातचे पाणी त्या गल्लीतल्या कोणी घेतले नसते, ती त्याच गल्लीतल्या लेकीसुनांना सांगत होती की माझ्या घरी या. येथे मला सावित्रीबाईंचा मोठेपणा शाळेच्या प्रसंगापेक्षाही अधिक वाटतो. शेण सोसायला धैर्य लागते, ते पुष्कळांजवळ असते. पण ज्यांनी शेण टाकले त्यांच्या मुलीचे डोके रात्रभर मांडीवर घ्यायचे, तिचे कपडे धुवायचे आणि तिचे नाव चारचौघांत कधी काढायचे नाही, याला धैर्यापेक्षा निराळे काही लागत असावे. कोणी म्हणेल, ही तर परोपकाराची हौस. हौस एका बाळंतपणात फिटते.

असे घर जगात पहिलेच होते असे नाही. युरोपात व्हिएन्ना शहरी सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली मोठे इस्पितळ उघडले, तेथे गरीब व अविवाहित स्त्रीला आपले नाव जाहीर न होता बाळंत होण्याची आणि मूल जवळच्या अनाथगृहात ठेवण्याची सोय होती. त्याच इस्पितळात १८४७ साली डॉक्टर सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात नीट धुवायला लावून बाळंतरोगाने होणारे मृत्यू भराभर खाली आणले. तेथे मात्र पाठीशी सम्राटाचा खजिना होता. गंज पेठेत शिक्षिकेची नोकरी केलेली एक बाई आणि कंत्राटे घेऊन संसार चालविणारा तिचा नवरा होता. खर्च त्यांच्याच कमाईतून व्हायचा.

सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या, पुण्यात तेव्हा स्त्री डॉक्टर मिळणार तरी कोठून? आनंदीबाई जोशी यांचा जन्मच १८६५ सालचा. बाळंतपण ही सुईणीची बाब समजली जाई. तेव्हा सावित्रीबाईंनी जे केले ते आजच्या भाषेत स्वयंसेविकेचे काम होय. घरात जागा दिली, वेळेवर खाऊ घातले, बाळंतपणाकडे जातीने लक्ष दिले, मागे ठेवलेल्या पोरांना वाढविले. ज्यांनी घरात बाळंतपण जवळून पाहिले आहे त्यांना सांगायला नको, की त्यातले निम्मे काम पाण्याचे, चुलीचे आणि जागरणाचे असते, आणि उरलेले धीर देण्याचे. कण्हण्याचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून जिला तोंडात पदर कोंबावा लागतो, तिला तर धीराचीच जास्त गरज.

हे काम त्या गंज पेठेच्या चार भिंतींतच करीत होत्या असेही नाही. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ साली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. नवऱ्याला बायकोने लिहिलेली पत्रे म्हटल्यावर आपण ज्या मजकुराची अपेक्षा करू तो त्यांत फारसा नाही. गावोगावच्या कामाच्या हकिकती आहेत. २९ ऑगस्ट १८६८ चे पत्र नायगावहून, म्हणजे माहेराहून लिहिलेले आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव हिंडत असे. त्याचे आणि सारजा नावाच्या महार समाजातील मुलीचे प्रेम जमले. सारजाला सहा महिने झाले होते. ही गोष्ट फुटताच गावकऱ्यांनी दोघांना पकडले, मारत झोडत गावातून मिरविले आणि ठार मारण्याच्या बेताने नेऊ लागले. हे कळताच सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. जीव घ्याल तर इंग्रज सरकार तुम्हाला सोडणार नाही, हे भय त्यांनी जमावाला घातले. तेव्हा कोठे लोकांनी हात आवरला. दोघांनी गाव सोडावे या बोलीवर प्रकरण मिटले, आणि सावित्रीबाईंनी त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. जमावापुढे उभे राहण्यासाठी त्यांच्या हातात काय होते? कायद्याची माहिती आणि पाटलाची लेक म्हणून असलेली थोडी ओळख, एवढेच. सहा महिन्यांच्या गरोदर मुलीला त्या दिवशी तेवढे पुरले.

१८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर १८७४ मध्ये काशीबाई नावाची एक विधवा गंज पेठेतील घरी बाळंत झाली. (काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई निराळी आणि ही निराळी. दोघींची गल्लत पुष्कळ ठिकाणी झालेली दिसते.) तिला मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला आपला म्हणून ठेवून घेतले, यशवंत हे नाव दिले, आणि जन्मल्यापासून सावित्रीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले त्यात वारस म्हणून त्याचेच नाव घातले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. ज्या मुलाला जन्मताच विहीर दिसायची, तो डॉक्टर झाला! ही गोष्ट वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले.

१८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नरच्या बाजूला ओतूर येथे होत्या. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र तेथूनच लिहिलेले आहे. ओस पडलेली गावे, मरून पडलेली जनावरे, सत्यशोधक कार्यकर्त्यांची मदत हे सगळे त्यात आहे. त्याविषयी स्वतंत्र लेखच व्हायला हवा. येथे फक्त इतकेच नोंदवते, की दुष्काळ असो वा नसो, गंज पेठेतील दार बंद झाले नाही.

आता ज्या आकड्यासाठी हा सारा लेख लिहायला घेतला तो सांगते. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली तेव्हा सरकारने निरनिराळ्या लोकांची मते मागविली. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपले मत लिहून दिले, त्यात या गृहाचा हिशेब आहे. सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे आल्या व बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच हयात होती. तीस मेली होती. आणि ती मेली ती गृहात हयगय झाली म्हणून नव्हे. गरोदरपण लपविण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांनी पोटातच त्या जिवांना इजा झाली होती, असे जोतीरावांचे म्हणणे.

पस्तिसांत पाच! सभेत टाळ्या मिळतील असा हा आकडा नव्हे, म्हणूनच तो सभेत सांगत नसावेत. एकवीस वर्षे दार उघडे ठेवून, आपली कमाई ओतून, लोकांचे टोमणे ऐकून, हाती पाच मुले. दुसरे कोणी असते तर आकडा दडविला असता किंवा काम बंद केले असते. या दोघांनी तो सरकारला जसाच्या तसा लिहून कळविला. पाचांतला एक यशवंत त्यांच्या घरी दहा वर्षांचा झाला होता. पण बाकीची तीस लहानगी प्रेतेही सावित्रीबाईंच्या घरातूनच बाहेर गेली असतील, हे विसरून चालणार नाही.

मात्र एका दृष्टीने हा आकडा फार बोलका आहे. बाळंतपण सुखरूप होणे हे बाळंतपणाच्या रात्री ठरत नाही, ते त्याच्या कितीतरी महिने आधी ठरते. त्या बायका गंज पेठेत पोचल्या तेव्हा घर होते, माणसे होती, माया होती. पण मधल्या महिन्यांत त्यांच्यापाशी कोणीच नव्हते. होता तो फक्त औषधाची पुडी आणून देणारा. सावित्रीबाईंच्या दारापर्यंत येण्याआधी त्या स्त्रीने कोणापाशी तरी आपल्याला दिवस गेले आहेत हे एक वाक्य बोलायला हवे होते, आणि ते वाक्य बोलण्याचीच तिला सोय नव्हती. ज्या पस्तीस आल्या त्या निदान आल्या. जाहिरात वाचता न येणाऱ्या किती असतील? स्त्रियांना वाचता येत नव्हते म्हणून तर १८४८ ची शाळा! सावित्रीबाईंची शाळा आणि सावित्रीबाईंचे हे घर ही दोन कामे आपण वेगळी मोजतो, ती मला या ठिकाणी एक होताना दिसतात.

हे सारे वाचत असता मला पुन्हा पुन्हा आपल्या जिल्ह्याची आठवण होत होती, आणि तिचे कारण घरातलेच आहे. माझी सख्खी काकू आमच्या गावची आशा स्वयंसेविका आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, त्यात साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई निवडण्याची योजना झाली. तीच ही आशाताई. तिचे मुख्य काम म्हणजे गावात कोणाला दिवस गेले आहेत ते वेळेवर कळून घेणे आणि बारा आठवड्यांच्या आत तिचे नाव नोंदविणे. मग तपासण्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेची सुरक्षित मातृत्वाची तपासणी, बाळंतपण कोणत्या दवाखान्यात होणार, गाडी कोण आणणार, सोबत कोण जाणार, घरची पोरे कोण पाहणार, हे सारे आधी ठरवून ठेवायचे. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर आठ दिवस आधीच बाईला अलीकडे आणून ठेवायचे. काकू हे काम करते तेव्हा तिला कोणी समाजसुधारक म्हणत नाही, आणि तिलाही तसे काही वाटत नाही.

काकूचे सर्वांत अवघड काम कोणते म्हणाल, तर ते पहिलेच. तीन महिने होईपर्यंत सांगू नये, दृष्ट लागते, ही समजूत घराघरांत आहे. तेव्हा राजरोस लग्न झालेली सूनदेखील वहीत उशिरा येते. मग जिचे लग्नच झालेले नाही तिचे काय? झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या भागांतील कोलाम पोडांवरच्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून अनेकदा गाजला आहे. बाहेरून कामाच्या निमित्ताने आलेला एखादा माणूस लग्नाचे आमिष दाखवितो आणि काम संपले की निघून जातो. मूल आणि मुलगी पोडावर राहतात. पुण्याच्या शास्त्रीबुवांचे नाव जसे कोणाला ठाऊक नाही, तसे याचेही नाव कोणाच्या कागदावर येत नाही. जात निराळी, मुलूख निराळा, शतक निराळे, लपविणे तेच. आणि लपविण्यात जे महिने जातात ते तपासणीविना, गोळीविना जातात, किंवा कोणा भोंदूच्या काढ्यावर जातात.

फरक झालेला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७१ पासून डॉक्टरकडून गर्भपात करून घेण्याचा कायदा आहे आणि स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मूल सांभाळणे शक्य नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते सोपविता येते, आणि मन बदलले तर दोन महिन्यांच्या आत परत घेता येते. १८६३ च्या जाहिरातीत जे वचन होते त्यातले बरेचसे आज कायद्याच्या पुस्तकात आहे. पण काकू म्हणते की कायदा आपल्या पायांनी पोडावर चालत जात नाही. (काकू सातवी शिकली आहे.)

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिते, मग प्राध्यापक मंडळी रागावोत. जयंतीच्या दिवशी आशाताईंना सावित्रीच्या लेकी म्हणायचे आणि मानधनाचा विषय निघाला की सेवाभाव सांगायचा, ही पद्धत बरी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत याच बायकांना मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसावे लागले होते. सावित्रीबाईंनी आपल्या घरात फुकट काम केले ते आपल्या खुशीने. त्या नावावर दुसऱ्या बाईचे काम फुकट मागण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

असो. पुन्हा पुण्याकडे वळू. गंज पेठेतील घराचा परिणाम हळूहळू आजूबाजूला दिसू लागला होता. १८७५ साली पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशाच तऱ्हेचा आश्रम काढला. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली), तेव्हा वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला धारेवर धरले. त्याला उत्तर दिले ते आपल्या विदर्भातल्या बाईने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले, आणि त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंनी लेखणीने जे विचारले त्याचे उत्तर गंज पेठेत एक बाई वीस वर्षे हाताने देत होती.

१८८९ च्या फेब्रुवारीत यशवंताचे लग्न झाले. त्याच्या जन्माची कथा साऱ्या पुण्याला ठाऊक, तेव्हा मुलगी मिळणे सोपे नव्हते. सत्यशोधक समाजाचे ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. वाद वाढू लागलेला पाहून सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हाती धरले आणि प्रेतापुढे चालू लागल्या. बाईने टिटवे धरणे ही त्या काळी कोणी पाहिलेली गोष्ट नव्हती. त्यानंतर समाजाचे काम त्यांनीच पुढे नेले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. घरेच्या घरे ओस पडू लागली. यशवंत तेव्हा लष्करात नोकरीला होता. त्याला बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू करविला. वय सहासष्ट. पुन्हा तेच काम, ज्याला कोणी शिवत नाही त्याला आपल्याकडे आणायचे. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा लहान मुलगा प्लेगने आजारी पडल्याचे कळताच त्या तेथे गेल्या. गाडीघोडा नव्हता. मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या.

मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे निधन झाले. गंज पेठेत जन्मलेला त्यांचा मुलगाच त्यांचा डॉक्टर होता. यशवंतही पुढे १९०५ साली प्लेगनेच गेला.